कै. ताराबाई मोडक : छडीवाचूनच्या शिस्तीची शिक्षिका

शिक्षणाविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे आम्हां धर्मगुरूंची लेखणी सहजच संत जॉन बॉस्कोकडे वळते. दंडापेक्षा प्रेमळ सहवासाने मूल वळणावर येते, हा त्याच्या पद्धतीचा गाभा सेमिनरीत आमच्या मनावर ठसला. परंतु हेच तत्त्व आपल्या मराठी मुलखात एका प्रार्थनासमाजी घरातील विदुषीने आचरून दाखविले आणि शेकडो शिक्षिकांच्या अंगी बाणविले. तिचे चरित्र चाकूरच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

ताराबाईंचा जन्म मुंबईस 1892 साली झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींनी शाळेत जाणे हेच जेथे नवल, तेथे ही कन्या 1914 साली बी.ए. झाली. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला. पण तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन ताराबाई बाहेर पडल्या आणि राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. त्या दुःखाविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

त्याच सुमारास भावनगरात गिजुभाई बधेका ह्यांनी वकिली सोडून 1920 साली बालमंदिर उघडले होते. रोम शहराच्या गरीब वस्तीत 1907 साली डॉक्टर मारिया मॉन्टेसरी ह्या कॅथॉलिक बाईंनी सुरू केलेल्या बालगृहाची ती प्रेरणा. ताराबाई तेथे गेल्या आणि तेथल्याच झाल्या.

ह्या पद्धतीत शिक्षा नाही, हे ऐकून लोकांस कौतुक वाटे. बक्षीसही नाही, हे ऐकून मात्र ते बुचकळ्यात पडत. मर्म असे की, मूल दंगा करते तेव्हा बहुधा त्याच्या हातांस जोगते काम नसते, किंवा वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर ठेवलेल्या असतात. म्हणून आधी खोली बदलावी, मग मुलाकडे पाहावे. परंतु हे करणार कोण? शिक्षक तर स्वतःच छडीखाली वाढलेला! मुलाने आवाज चढविला की त्याचाही चढतो, आणि हात आपोआप उगारला जातो. म्हणूनच भावनगरात बालमंदिराच्या जोडीस अध्यापन मंदिर आले. तेथे शिकावयाचे ते हेच: मुकाट्याने बसून मुलाचे निरीक्षण करावे, दुरून ओरडण्याऐवजी जवळ जाऊन हलक्या स्वरात बोलावे, आणि दोष देण्यापूर्वी कारण शोधावे. आमच्या मते ह्यातले पहिलेच सर्वांत कठीण. गप्प बसणे शिक्षकास आणि धर्मगुरूस सारखेच जड जाते.

1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार उघडला, आणि 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारे हे विचार मराठी घरांत नेले. तरीही एक शल्य राहिलेच. मॉन्टेसरीची साधने महाग, आणि लाभ मिळे तो शहरातील सुखवस्तूंच्या मुलांस. वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1945 साली, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ ह्या त्यांस तेथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीस खरी कसोटी लागली. बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. दुसरा कोणी असता तर मुले आळशी, आईबाप अडाणी, असे म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी कारण शोधले. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. मुलगा गुरांमागे रानात. मग शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी; आणि गुरे चरत तेथेही गेली, ती कुरणशाळा. विकत आणलेल्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. आधी मुलांस न्हाऊ घालावे, मग गाणी आणि खेळ, असा क्रम पडला. बालसेविका तयार करण्याचे कामही शाळेबरोबरच चालले. कारण एक ताराबाई किती अंगणांत पुरणार?

आपल्याकडे 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांस मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. योग्यच केले. परंतु छडी काढून घेतली, तर हाती काय द्यावयाचे, असे शिक्षक विचारतात. ह्या प्रश्नास केवळ तक्रार म्हणून झिडकारू नये. काय करू नये हे कायदा सांगतो. काय करावे हे मात्र कोणीतरी शेजारी उभे राहून, रोजच्या वर्गात, दाखवावे लागते. चार दिवसांच्या शिबिरातील व्याख्यानांनी ते साधत नाही. ताराबाईंच्या विद्यार्थिनी मुलांच्या मध्ये राहून शिकल्या.

पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागल्या. थोरली बहीण वर्गात बसली तरी धाकटे भावंड नजरेच्या टप्प्यात राही. 1962 साली सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले. 1973 साली त्या निवर्तल्या; अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, तो वसा चालविला. ताराबाईंच्या मागे दोनच वर्षांनी, 1975 साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली. तिच्या केंद्रांस नाव पडले अंगणवाडी; आणि त्याच नावाची पाटी आज चाकूर तालुक्यातील वस्त्यांतूनही दिसते.