लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (जन्म : १० ऑगस्ट १९०९; मृत्यू : २१ मार्च १९९१) हे अमेरिकन वाद्यनिर्माते होते. टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर या विद्युत गिटारी, प्रिसिजन बेस ही बेस गिटार आणि अनेक प्रकारचे ध्वनिवर्धक त्यांच्या कारखान्यात तयार झाले. त्यांच्या काळातील ध्वनिवर्धकांना व स्पीकरच्या पेट्यांना संग्राहकांकडून मोठी मागणी असून, अशा जुन्या पेटीची ओळख पटवणे व तिचा निर्मितिकाल ठरवणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

बालपण व शिक्षण

फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील ॲनाहाइम या गावाजवळ झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी डोळ्यात गाठ झाल्याने त्यांचा एक डोळा काढावा लागला व त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. त्यांच्या मामांचे मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान होते. मामांनी पाठवलेल्या रेडिओच्या सुट्या भागांमुळे आणि त्यांच्या दुकानात ऐकलेल्या रेडिओमुळे त्यांना या विषयाची गोडी लागली. शाळेत असतानाच ते घरी रेडिओ दुरुस्त करू लागले.

१९२८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी फुलर्टन येथील महाविद्यालयात हिशेबशास्त्राचा अभ्यास केला. विद्युतशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्यानंतर त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जागतिक मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुरुस्तीचे दुकान उघडले.

दुरुस्तीच्या दुकानातून कारखान्याकडे

दुकानात वादकांचे बिघडलेले ध्वनिवर्धक दुरुस्तीला येत. कोणता भाग वारंवार निकामी होतो आणि कोणता भाग उघडायला अवघड जातो, हे फेंडर यांना रोजच्या कामातून कळत गेले. झटपट उघडता यावे, बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता यावा आणि प्रवासातले धक्के सोसता यावेत, हा त्यांच्या पुढील सर्व रचनांचा पाया ठरला. गिटारीची मान मुख्य अंगाला सरसाने न चिकटवता स्क्रूने जोडण्याची त्यांची पद्धत याच विचारातून आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी डॉक कॉफमन या वादक-संशोधकासह ‘के अँड एफ’ ही कंपनी काढली. या कंपनीत मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार व छोटे ध्वनिवर्धक तयार होत. १९४६ मध्ये कॉफमन वेगळे झाले. त्यानंतर फेंडर यांचा उद्योग ‘फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी’ या नावाने वाढला. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हे त्यांचे सहकारी झाले.

१९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिचे ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१ मध्ये ती ‘टेलिकास्टर’ झाली. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. बेस गिटारीसाठी १९५२ मध्ये ‘बेसमन’ हा ध्वनिवर्धक निघाला. त्यात आरंभी १५ इंचांचा एक स्पीकर होता, पुढे १० इंचांचे चार स्पीकर बसवण्यात आले. लंडनमध्ये जिम मार्शल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी आपला पहिला ध्वनिवर्धक तयार केला, तो बेसमनच्याच मंडलावर आधारलेला होता.

पेट्यांची रचना व ओळख

फेंडर ध्वनिवर्धकाच्या पेटीचे बाह्य रूप साधारणपणे पुढीलप्रमाणे बदलत गेले :

१९४६ च्या सुमारास : कठीण लाकडाची उघडी, पॉलिश केलेली पेटी, स्पीकरपुढील रंगीत कापडावर उभ्या धातूच्या पट्ट्या.

१९४० च्या दशकाची अखेर : कापडाने मढवलेली पेटी, समोरचा भाग गोलसर कोपऱ्यांच्या दूरचित्रवाणी संचासारखा.

सुमारे १९५३ ते १९५५ : समोर वर व खाली रुंद पट्ट्या.

सुमारे १९५५ ते १९६० : त्याच पट्ट्या अरुंद, तिरप्या रेघांचे पिवळसर कापड.

१९६० नंतर : तपकिरी किंवा फिकट रंगाचे टोलेक्स नावाचे कृत्रिम आवरण, १९६३–६४ पासून काळे.

१९६० च्या दशकाची अखेर : काळे आवरण, मात्र बटणांची पट्टी चंदेरी.

आवरणाखालची पेटी दीर्घकाळ पाइन लाकडाच्या अखंड फळ्यांची असे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तसे तिचे कोपरे दातेरी सांध्याने जोडलेले असत. स्पीकर ज्या फळीवर बसवतात ती आधी प्लायवूडची होती, तर १९६० च्या दशकात दाबलेल्या लाकडी भुशाची फळी वापरात आली.

१९६० च्या सुमारास मोठ्या ध्वनिवर्धकांमध्ये मंडलाची पेटी वर आणि स्पीकरची बंद पाठीची पेटी खाली, अशी दोन भागांची रचना सुरू झाली. डिक डेल या गिटारवादकाच्या जोरकस वादनापुढे स्पीकर टिकत नसत. त्याच्या गरजेतून ‘शोमन’ हा ध्वनिवर्धक घडला.

कालनिश्चिती

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ध्वनिवर्धकांच्या आत व्हॉल्व्हची माहिती देणारा कागद चिकटवलेला असे व त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असे. पहिले अक्षर वर्षाचे (‘ए’ म्हणजे १९५१, ‘बी’ म्हणजे १९५२) आणि दुसरे महिन्याचे (‘ए’ म्हणजे जानेवारी). त्यानुसार ‘जे–सी’ हा शिक्का मार्च १९६० दर्शवतो. स्पीकरच्या स्वतंत्र पेटीत व्हॉल्व्ह नसल्याने असा कागदही नसतो. तिची मूळची मंडलाची पेटी सोबत नसेल, तर स्पीकरवरील आकडे, लाकूड व आवरण यांवरूनच काळ ठरवावा लागतो.

स्पीकरच्या चौकटीवरील आकड्यांपैकी पहिले तीन आकडे उत्पादकाचे असतात : २२० जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस. त्यापुढे वर्षाचा एक किंवा दोन आकडे व शेवटी आठवड्याचे दोन आकडे येतात. उदाहरणार्थ, २२०६३४ म्हणजे जेन्सनचा, ६ ने संपणाऱ्या वर्षातील ३४ व्या आठवड्यातील स्पीकर. तो १९४६, १९५६ की १९६६ चा, हे आकड्यावरून कळत नाही. पेटीला अरुंद पट्ट्या व पिवळसर कापड असेल आणि स्पीकर मूळचा असेल, तर १९५६ हे वर्ष निश्चित होते. जेन्सनच्या नमुना-क्रमांकातील पहिले अक्षरही उपयोगी पडते. ‘एफ’ म्हणजे विद्युतचुंबक, ‘पी’ म्हणजे ॲल्निको मिश्रधातूचा कायम चुंबक आणि ‘सी’ म्हणजे सिरॅमिक चुंबक.

या आकड्यांतून स्पीकर कधी बनला हे कळते. तो पेटीत बसेपर्यंत काही आठवडे किंवा महिने जात. त्यामुळे मूळच्या भागांपैकी सर्वांत अलीकडचा भाग ज्या तारखेचा, त्याआधी ती पेटी पूर्ण झालेली असू शकत नाही. भाग सहज बदलता यावेत ही फेंडर यांची योजना असल्याने मूळ भाग ओळखणेच अवघड जाते. वादकांनी स्पीकर बदलले, जुन्या चौकटीत नवे कागदी शंकू बसवले, फाटलेले आवरण नव्याने चढवले. म्हणून जाणकार एका खुणेवर विसंबत नाहीत. स्क्रूच्या भोकांच्या जागा, तारांवरील जुना डाग, लाकडावर उमटलेली स्पीकरची कडा आणि आकडे यांचा मेळ बसल्यावरच ते काळ सांगतात.

कंपनीची विक्री व उत्तरायुष्य

दीर्घकाळच्या संसर्गजन्य आजारामुळे आपण फार जगणार नाही, अशी फेंडर यांची समजूत झाली होती. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण समूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. विक्रीनंतर दुसऱ्या उपचारांनी तो आजार बरा झाला. संग्राहकांच्या दृष्टीने १९६५ ही महत्त्वाची सीमारेषा ठरली. ‘सीबीएसपूर्व’ वस्तूला अधिक किंमत मिळत असल्याने पेटीच्या काळाबाबत एका वर्षाची चूकही खरेदीदाराला महागात पडू शकते.

१९७५ मध्ये फेंडर ‘म्युझिक मॅन’ या कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७९ मध्ये पत्नी एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. पुढील वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी ‘जी अँड एल’ ही कंपनी सुरू केली. कंपवाताने ग्रासलेले असतानाही ते अखेरपर्यंत फुलर्टनच्या कारखान्यात काम करत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

१९९२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये फेंडर यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला. २००९ मध्ये त्यांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाला. भरीव अंगाची विद्युत गिटार व बेस गिटार जगभरच्या लोकप्रिय संगीतात रूढ झाल्या. मुंबईचे चित्रपटसंगीत व महाराष्ट्रातील वाद्यवृंद यांतही त्यांना स्थान मिळाले. फेंडर यांनी वापरलेले कामाचे टेबल व हत्यारे जी अँड एलच्या कारखान्यात त्यांच्या पश्चात जपून ठेवण्यात आली.