बर्फावरचा दांडगेश्वर

१२ डिसेंबर १९३३ची रात्र. बोस्टन गार्डनमध्ये बोस्टन ब्रुइन्स आणि टोरांटो मेपल लीफ्स यांच्यातील सामना रंगात आला होता. टोरांटोच्या किंग क्लान्सीने बोस्टनच्या एडी शोअरला पाडले. पंचांनी त्याकडे काणाडोळा केला. संतापलेला शोअर उठला आणि समोर पाठमोऱ्या दिसलेल्या खेळाडूला त्याने मागून जबर धडक दिली. तो क्लान्सी नव्हता. तो होता एस बेली, १९२८-२९च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आघाडीचा खेळाडू. शोअरने त्याला क्लान्सी समजूनच धडक दिली, असे अनेकांचे मत आहे. बेलीचे डोके बर्फावर आपटले, अंगाला झटके येऊ लागले. ते पाहून टोरांटोच्या रेड हॉर्नरने शोअरला ठोसा लगावला आणि शोअरही रक्तबंबाळ होऊन कोसळला.

बेलीच्या मेंदूवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. तो वाचणार नाही, असेच साऱ्यांनी गृहीत धरले होते. तो वाचला, पण पुन्हा कधीही खेळला नाही. शोअरवर सोळा सामन्यांची बंदी आली.

आइस हॉकीतील सर्वात मोठा दांडगट कोण, हा वाद कॅनडा-अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि तो शोअरच्या नावावाचून पुरा होत नाही. या खेळात हाणामारीला नियमातच जागा आहे. १९२२मध्ये नॅशनल हॉकी लीगने मारामारी करणाऱ्याला सामन्यातून हाकलण्याऐवजी पाच मिनिटे बाहेर बसवण्याचा नियम केला. त्यामुळे शिक्षेच्या मिनिटांचा हिशेब हेच दांडगाईचे माप ठरले. पुढे मॉन्ट्रियलच्या जॉन फर्ग्युसनसारखे खेळाडू मुख्यतः आपल्या संघातील कलावंत खेळाडूंचे रक्षण करण्यासाठी घेतले जाऊ लागले. फिलाडेल्फियाच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५च्या एकाच हंगामात ४७२ मिनिटे शिक्षा भोगली. हा विक्रम आजही अबाधित आहे. आकड्यांवर तोलायचे तर शोअर या मंडळींपुढे फिका पडेल. पण ही तुलनाच फसवी आहे. शुल्ट्झ किंवा फर्ग्युसन दुसऱ्यांसाठी लढत. शोअर ज्याचे रक्षण करावे असा खेळाडूही स्वतःच होता आणि रक्षकही स्वतःच. लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा हार्ट करंडक त्याने १९३३, १९३५, १९३६ आणि १९३८ असा चार वेळा जिंकला. एवढ्या वेळा तो मिळवणारा दुसरा बचावपटू आजवर झालेला नाही.

एडवर्ड विल्यम शोअरचा जन्म २५ नोव्हेंबर १९०२ रोजी कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील फोर्ट क्वापेल येथे झाला. बालपण कुपर गावच्या शेतावर गेले. हॉकीकडे तो गंभीरपणे वळला तो मॅनिटोबाच्या कृषी महाविद्यालयात, म्हणजे तसा उशिराच. मेलविल, रेजायना आणि एडमंटन अशी मजल मारत असतानाच १९२६मध्ये पश्चिमेकडील व्यावसायिक लीग बुडाली, तिचे खेळाडू विकले गेले आणि शोअर बोस्टनला आला. दुसऱ्याच हंगामात १६५ मिनिटांची शिक्षा भोगून त्याने तेव्हाचा विक्रम केला. सराव करताना एकदा त्याचा कान जवळजवळ तुटून लोंबू लागला. तो कापावा लागेल, असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना सोडून त्याने शिवणारा डॉक्टर शोधला आणि भूल न घेता, हातात आरसा धरून टाके घालून घेतले, अशी आख्यायिका आहे.

जानेवारी १९२९ची गोष्ट तर अधिकच प्रसिद्ध. मॉन्ट्रियलला निघालेली संघाची गाडी शोअरला चुकली. मग हिमवादळात, रात्रभर, डोंगरातल्या रस्त्यांवरून त्याने मोटारीने मॉन्ट्रियल गाठले. काचेवर बर्फ साचत असल्याने बराच वेळ खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी हाकावी लागली, असे सांगतात. दुसऱ्या संध्याकाळी तो मैदानात उतरला आणि मॅरून्सविरुद्धच्या त्या सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला. गाडी चुकवल्याबद्दल त्याला दंड झाला तो झालाच. त्याच वर्षी बोस्टनने पहिला स्टॅन्ली करंडक जिंकला.

बेलीच्या मदतीसाठी १४ फेब्रुवारी १९३४ रोजी टोरांटोत सामना भरवण्यात आला. लीगमधील निवडक खेळाडूंच्या संघात शोअरही होता. बेली साध्या कपड्यांत बर्फावर आला. शोअरने पुढे होऊन त्याच्याशी हस्तांदोलन केले आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमले. क्षमा मागणाऱ्यापेक्षा क्षमा करणाऱ्याचे मोठेपण त्या रात्री अधिक दिसले. बेलीचा सहा क्रमांक लीगच्या इतिहासात प्रथमच कायमचा निवृत्त करण्यात आला. शोअर त्यानंतर डोक्यावर संरक्षक टोपी घालून खेळू लागला; तेव्हा तसे करणारे विरळाच होते. बेलीने पुढे मेपल लीफ गार्डन्समध्ये अनेक दशके सामन्यांची वेळ नोंदवण्याचे काम केले आणि १९९२पर्यंत तो जगला.

१९३९मध्ये बोस्टनसह दुसरा स्टॅन्ली करंडक जिंकल्यावर शोअरने स्प्रिंगफील्ड इंडियन्स हा संघच विकत घेतला. १९४७मध्ये त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. पण मालक शोअर हा खेळाडू शोअरपेक्षाही कठोर निघाला. पैशाला चिकट, शब्दाला तिखट. बर्फावर लोळण घेणाऱ्या गोलरक्षकांना तो गोलच्या दांडीला बांधून सराव करायला लावी. ज्यांना संघात जागा नसे त्यांच्याकडून खुर्च्या रंगवून घेणे, दिवे बदलून घेणे अशी कामे चालत. हा जाच सोसत याच संघाने १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षे कॅल्डर करंडक जिंकला, हेही खरे.

अखेर डिसेंबर १९६६मध्ये शोअरने काही खेळाडूंना निलंबित केले, तेव्हा उरलेल्यांनी खेळण्यास नकार दिला. टोरांटोचे तरुण वकील ॲलन ईगलसन त्यांच्या बाजूने उभे राहिले. शोअरला संघाचा कारभार सोडावा लागला. या विजयाच्या बळावरच १९६७मध्ये नॅशनल हॉकी लीगच्या खेळाडूंची संघटना उभी राहिली. आयुष्यभर कुणापुढे न झुकलेल्या या माणसाला प्रतिस्पर्ध्यांनी नव्हे, स्वतःच्याच खेळाडूंनी नमवले होते.

१६ मार्च १९८५ रोजी स्प्रिंगफील्डमध्येच शोअरचे निधन झाले. ज्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये त्याच्या नावाने खेळाडू बोटे मोडत, तिथे वर्षातील सर्वोत्तम बचावपटूला दिला जाणारा पुरस्कार मात्र त्याच्याच नावाचा आहे.