कुलुपें घडविणारा राजा

राजवाडा म्हटला म्हणजे सिंहासन, झुंबरें आणि भालदार-चोपदार यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर लोहाराची भट्टी आहे, दोन ऐरणी आहेत, आणि खुद्द राजा काजळलेल्या हातांनीं किल्ली कानशीनें घांसत बसला आहे, असें सांगितलें तर बालवाचकांस ती कल्पित गोष्ट वाटेल. परंतु फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या चरित्रांतील ही खरी गोष्ट आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासांत या राजाचें नांव आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचलेलें असतेंच. पण त्याचा छंद आणि त्याचा शेवट यांची गांठ कशी पडली, हें पाठ्यपुस्तकांत बहुधा येत नाहीं. म्हणून तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लुईचा जन्म ता. २३ ऑगस्ट १७५४ रोजीं व्हर्साय येथील राजवाड्यांत झाला. त्या वेळीं त्याचा आजा पंधरावा लुई गादीवर होता. थोरला भाऊ हुशार व सर्वांचा लाडका. त्याच्यापुढें हा लाजाळू व अबोल मुलगा कोणाच्या नजरेंत भरत नसे. १७६१ सालीं तो भाऊ वारला, १७६५ सालीं वडील वारले आणि १७६७ सालीं आईहि गेली. तेरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच हा मुलगा पोरका झाला आणि एका मोठ्या राज्याचा वारसहि ठरला. लॅटिन, इतिहास, भूगोल व इंग्रजी या विषयांत त्यानें चांगली प्रगति केली. नकाशांचें तर त्याला वेडच होतें. १७७० सालीं ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत हिच्याशीं त्याचें लग्न झालें. ता. १० मे १७७४ रोजीं आजा देवीच्या रोगानें मरण पावला, आणि अवघ्या एकोणीस वर्षांचा लुई फ्रान्सचा राजा झाला.

राजा झाल्यावर त्यानें आपल्या खासगी दालनांच्या वरच्या बाजूस आवडीच्या कामांसाठीं लहान लहान खोल्या राखून ठेविल्या. कोठें नकाशे व पृथ्वीचे गोल, कोठें पदार्थविज्ञानाचीं यंत्रें, कोठें कातकामाचें साहित्य, कोठें ग्रंथ. आणि वर भट्टी व ऐरणी असलेली कुलुपांची कर्मशाळा. व्हर्साय येथील गामँ नांवाच्या कुलूपकारांच्या घराण्याकडे राजवाड्याचें काम असे. त्या घराण्यांतील फ्रान्स्वा गामँ हा राजाचा या विद्येंतील गुरु. वयानें तो शिष्याहून तीनच वर्षांनीं मोठा होता. खालच्या दरबारांत ज्याच्यापुढें सरदार वांकत, तो या खोलींत उमेदवार होऊन लोहाराच्या हाताखालीं काम करी.

या कामांत एवढें मन रमण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. त्या काळच्या साध्या कुलुपाच्या पोटांत लोखंडी पट्ट्यांचे अडथळे बसविलेले असत. किल्लीच्या पात्याला त्या पट्ट्यांच्या नेमक्या जागीं खांचा असतील तरच किल्ली फिरे व कुलुपाची जीभ सरके. आतां किल्ली हरवली आहे आणि कुलूप फोडावयाचें नाहीं, अशा वेळीं कारागीर काय करी? तो एक कोरी किल्ली घेई. तिचें पातें मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून त्यावर काजळी बसवी, आणि ती कुलुपांत घालून हलक्या हातानें फिरवून पाही. जेथें आंतील पट्टी आड येई, तेथें काजळी पुसली जाऊन खूण उमटे. तेवढीच जागा कानशीनें घांसावयाची, पुन्हां काजळी धरावयाची, पुन्हां फिरवून पाहावयाचें. असें करतां करतां, न पाहिलेल्या कुलुपाच्या पोटांतील सारी रचना त्या पात्यावर उतरे आणि किल्ली फिरे. घाईनें थोडें जास्त घांसलें कीं सारी मेहनत वायां.

याच सुमारास ही विद्या झपाट्यानें पुढें जात होती. १७६७ सालीं द्युहामेल द्यु मोंसो या विद्वानानें कुलूपकाराच्या कलेवर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७८ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें अशा कुलुपाचें पेटंट घेतलें कीं, त्याच्या आंतील प्रत्येक पातें किल्लीनें नेमक्या उंचीवर उचललें गेलें पाहिजे. केसभर कमी किंवा केसभर जास्त झालें तरी कुलूप उघडावयाचें नाहीं. अशा कोड्यांत ज्याची बुद्धि रमते त्याला मंद म्हणतां येत नाहीं. शिवाय राजाला यांत आणखी एक समाधान असावें, असें आम्हांस वाटतें. कुलुपापुढें खुशामत चालत नाहीं व हुकूमहि चालत नाहीं. आपला अडथळा कोठें आहे हें कुलुपालाच विचारावें लागतें, आणि त्याचें उत्तर खरें असतें.

दरबारी लोक मात्र राजाच्या काळ्या हातांची थट्टा करीत. राणीलाहि हा छंद रुचला नाहीं. भट्टीपाशीं आपण शोभणार नाहीं, अशा आशयाचें तिनें १७७५ सालीं एका परिचिताला लिहिलें होतें. हातांनीं श्रम करणें हलकें, हा समज आपल्याकडेच आहे असें नाहीं. आमच्या मतें थट्टेचा विषय राजाचे काळे हात नव्हते. ज्यांच्या हातांना कधींच काळिमा लागला नाहीं, अशा त्या ऐतखाऊ सरदारांचीच खरी कींव यावी.

लुई मनाचा दुष्ट नव्हता. १७७९ सालीं त्यानें आपल्या खासगी मुलुखांतील भूदासांस मुक्त केलें. १७८० सालीं आरोपीकडून कबुली काढण्यासाठीं होणारा छळ बंद केला. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचे विवाह व त्यांच्या मुलांचे जन्म १६८५ पासून कायद्यांत धरले जात नसत. १७८७ सालीं त्यानें तो अन्याय दूर केला. जाहीर उपासनेची मोकळीक मात्र त्यांस तेव्हां मिळाली नाहीं. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत केलेल्या खर्चामुळें खजिना रिता झाला होता, सरदार व धर्माधिकारी यांना बहुतेक कर माफ होते, आणि १७८८ च्या गारपिटीनें पिकें बुडून भाकर महाग झाली होती. शेवटीं १७८९ सालीं राजानें देशाची जुनी सभा बोलाविली आणि आपलीं गाऱ्हाणीं लिहून पाठवावीं असें गांवोगांवच्या प्रजेस कळविलें. हजारों वह्या भरून आल्या. काजळी धरलेल्या किल्लीवर खुणा उमटाव्यात तशीं देशाचीं दुखणीं त्या वह्यांत स्पष्ट उमटलीं होतीं. आतां काम होतें धीरानें, नेमक्या जागीं कानस चालविण्याचें. दुर्दैवानें जो हात लोखंडावर स्थिर असे, तो येथें डळमळला. आज सरदारांचें ऐकावें, उद्यां लोकांचें, असें होऊं लागलें.

ता. २० जून १७८९ रोजीं लोकप्रतिनिधि सभागृहापाशीं आले, तों दार बंद आणि बाहेर पहारा! राजाच्या पुढील बैठकीची आंत तयारी चालली होती. पण आपल्याला हुसकून लावण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा समज झाला. जवळच्याच एका चेंडूच्या खेळघरांत जमून त्यांनीं शपथ घेतली कीं, देशाला राज्यघटना दिल्यावांचून आम्ही पांगणार नाहीं. कुलुपांचा जाणता राजा, आणि एका बंद दारानें त्याचें राज्य हादरलें! पुढें ता. १४ जुलै रोजीं पॅरिसच्या लोकांनीं बास्तिलचा तुरुंग काबीज केला. त्या तुरुंगाची मोठी किल्ली लाफायेत यानें १७९० सालीं जॉर्ज वॉशिंग्टन यांना भेट म्हणून पाठविली. ती माउंट व्हर्नन येथें त्यांच्या घरीं जतन केलेली आहे.

ऑक्टोबर १७८९ मध्यें लोकांनीं राजाला व त्याच्या कुटुंबाला पॅरिसमधील त्वीलरी राजवाड्यांत आणून ठेविलें. वर वर त्यानें नवी व्यवस्था मान्य केली. आंतून मात्र गुप्त पत्रव्यवहार चालू ठेविला. जून १७९१ मध्यें तो वेष पालटून पळाला आणि व्हारेन गांवीं पकडला गेला. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढें त्यानें आपल्या जुन्या गुरूस, गामँ यास, बोलावून आणिलें, आणि राजवाड्याच्या एका बोळांतील भिंतींत, लांकडी तक्तपोशीच्या मागें, लोखंडी दाराचें एक गुप्त कपाट करविलें. त्यांत गुपित कागद ठेवून त्यानें दाराला कुलूप घातलें.

ता. १० ऑगस्ट १७९२ रोजीं राजवाड्यावर हल्ला झाला व राजकुटुंब तांप्ल नांवाच्या जुन्या किल्ल्यांत कैद झालें. नोव्हेंबरमध्यें गामँ घाबरला. हें कपाट दुसऱ्या कोणास सांपडलें तर आपली मान जाईल, असें त्यास वाटलें असावें. ता. २० नोव्हेंबर रोजीं त्यानें रोलां या मंत्र्यास ती जागा दाखविली. मिराबोसारख्या थोर म्हणून गाजलेल्या पुढाऱ्यानें राजाशीं गुप्त संधान बांधल्याचे कागदहि त्यांत निघाले. चौकशीच्या वेळीं, ता. ११ डिसेंबर रोजीं, राजाला या कपाटाविषयीं विचारलें असतां आपणांस त्याची माहितीच नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. कोणाचाहि विश्वास बसला नाहीं. चांगल्या मनाच्या माणसालाहि भय किती खालीं आणतें, हें येथें दिसतें.

कैदेंतील एक प्रसंग त्याचा सेवक क्लेरी यानें लिहून ठेविला आहे. राजाच्या दाराला जाड अडसर बसविण्यासाठीं एक गवंडी चौकटीला भोंकें पाडीत होता. त्याच्या हत्यारांशीं खेळणाऱ्या आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या हातून राजानें हातोडा व छिन्नी घेतली, आणि तीं कशीं चालवावीं हें त्याला दाखविलें. गवंडी गहिंवरून म्हणाला कीं, सुटका झाल्यावर आपण स्वतःच्या तुरुंगाचें काम स्वतः केल्याचें महाराजांस सांगतां येईल. आपण केव्हां व कसे सुटणार, एवढेंच राजाच्या तोंडून निघालें. मुलगा रडूं लागला, तेव्हां हत्यारें टाकून राजा आपल्या खोलींत येरझारा घालूं लागला.

नाताळच्या दिवशीं त्यानें आपलें मृत्युपत्र लिहिलें. त्यांत शत्रूंस क्षमा केली, आणि मुलानें कधींहि सूड मनांत आणूं नये असें बजाविलें. ता. २१ जानेवारी १७९३ रोजीं तो धीरानें मृत्यूस सामोरा गेला. गामँनें पुढें असा कांगावा केला कीं, राजानें आपल्यावर विषप्रयोग केला होता. इतिहासकार ही गोष्ट खरी मानीत नाहींत. पण १७९४ सालीं त्यास सालीना १२०० लिव्हर निवृत्तिवेतन मिळालें. तें फार दिवस त्याला लाभलें नाहीं. १७९५ सालीं तो वारला.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रावरून हातकामाचा छंद वाईट, असें कोणीं समजूं नये. सुट्टीच्या दिवसांत एखादें मोडकें कुलूप उघडून त्याचें पोट पाहा. तुमच्या बोटांना धीर येईल व बुद्धीला धार येईल. पालकांनींहि काळ्या झालेल्या हातांबद्दल मुलांना रागें भरूं नये. मात्र जो धीर व जो खरेपणा आपण लोखंडाशीं दाखवितों, तोच माणसांशीं दाखविला पाहिजे. झांकलेलें उघडकीस येतें, ही आपल्या प्रभूची शिकवण लुईनें लहानपणापासून ऐकली असली पाहिजे. राज्यांतलें उत्तम कुलूप त्याच्या कपाटाला होतें. पण तें घडविणारा हात भ्याला, तेव्हां कुलूप निरुपयोगी झालें. ज्याच्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं नाहीं, त्याच्या दाराला साधी कडीहि पुरते.