भिंतीवरचा घोडा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहिला तो एक घोडा! सुप्याहून पुण्यास आपण साऱ्याजणी जातो. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पुष्कळजणींनी पाहिला असेल. आपण महाराजांना हात जोडतो आणि पुढे जातो. तो घडविणाऱ्याची चौकशी मात्र क्वचितच करतो. तो पुतळा शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांनी घडविला.

नानासाहेबांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताचीच. वडील गणपतीच्या मूर्ती करीत, त्यामुळे मातीशी हाताची ओळख लहानपणीच झाली. पुढे या मुलाने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. हे साहेब स्वतः लेखक होते. हिंदुस्थानातील स्त्रियांवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला आपल्या धुरंधरांची चित्रे आहेत. भिंत का खराब केली, असे न विचारता त्यांनी चित्र काढणाऱ्याचा शोध घेतला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली.

तेथे त्या मुलाने मेयो पदक मिळविले. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या प्रोत्साहनाने नानासाहेब कलकत्त्यास गेले आणि १९२० साली अधिक शिक्षणासाठी विलायतेस.

पुण्याच्या स्मारकाची कोनशिला कोल्हापूरच्या शाहूमहाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसली होती. पुढच्याच वर्षी शाहूमहाराज निवर्तले. त्यांचे चिरंजीव राजाराममहाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. काम नानासाहेबांच्या हाती आले तेव्हा हाताशी वेळ थोडा होता.

घोड्याचा पुतळा म्हणजे मोठे अवघड काम. सारा भार चार बारीक पायांवर तोलायचा. शिवाय एखादी शीर, एखादा सांधा चुकला, तर घोडे पाळणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटत नाही. इंग्लंडात अठराव्या शतकात घोड्यांची चित्रे काढणारा जॉर्ज स्टब्स हा कातडे कमावणाऱ्याचा मुलगा. घोड्याचे अंग कळावे म्हणून तो दीड वर्ष मेलेले घोडे सोलून, त्यांची हाडे-स्नायू पाहून चित्रे काढीत बसला होता. नानासाहेबांचे कामही त्याच जातीच्या निरीक्षणावर उभे आहे.

आधी मातीचा पुतळा, मग साचा, मग ओतकाम. एवढा प्रचंड पुतळा त्यांनी मुंबईत माझगावला एकसंध ओतवून घेतला. धातूचा रस मध्येच थांबला, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम वाया! पण ओतकाम साधले आणि जून १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. राममंदिराच्या भिंतीवरचा घोडा असा काशाचा होऊन पुण्यात उभा राहिला.

पुढेही त्यांनी पुष्कळ कामे केली. शंख फुंकणारी स्त्री, कोळ्याची पोर, बसलेली म्हैस अशी घरादारातील माणसे-जनावरे त्यांनी मोठ्या मायेने घडविली. १९६७ साली ते गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरी ही शिल्पे जपून ठेवली आहेत. अलिबागकडे सहल निघाली, तर अवश्य पाहावीत.

आता माझी एक गोष्ट सांगते. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना दिवाळीआधी मी भिंतींना चुना दिला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कोळशाने त्यावर बैलजोडी काढली. मी त्याला धपाटा घातला आणि ती त्याच्याकडूनच पुसून घेतली. आज तो कारखान्यात चांगल्या कामावर आहे. माझी काही तक्रार नाही. त्याने पुन्हा भिंतीला हात लावला नाही, आणि कागदालाही नाही. ते बैल चांगले होते की नव्हते, हे मी पाहिलेच नव्हते. करमरकरांचे चरित्र वाचल्यापासून ते मला आठवत राहतात.

प्रत्येक पोर करमरकर होत नाही, हे मलाही कळते. पण एकदा थांबून नीट पाहायला पैसा लागत नाही. यंदा आपल्या मंडळाच्या खोलीची मागची भिंत मुलांसाठी मोकळी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. कोळसा मी आणून देईन.