शेजाऱ्याचेंहि गीत

खेडवळांचें गाणें हलकें मानणाऱ्या नागर रसिकांनीं बेला बार्टोक ह्याचें चरित्र अवश्य पाहावें. १८८१ सालीं तो हंगेरींत जन्मला. तें जन्मस्थान आज रुमानियांत मोडतें. १९०६ सालापासून मित्र कोदाय व तो फोनोग्राफ घेऊन गांवोगांव हिंडले. शेतकऱ्यांचीं हजारों गीतें मिळवून त्यांच्या चालींचें सत्त्व बार्टोकनें आपल्या अभिजात रचनांत उतरविलें. रुमानियन व स्लोव्हाक गीतेंहि त्यानें तितक्याच आस्थेनें जमविलीं. त्याबद्दल कांहीं स्वदेशाभिमान्यांनीं त्यास दूषण दिलें, तरी तो डगमगला नाहीं. हंगेरी नाझींच्या कच्छपीं लागत आहे असें पाहून १९४० सालीं त्यानें देशत्याग केला. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथें तो वारला. स्वकीयांच्या अभिमानास शेजाऱ्याच्या द्वेषाचें खतपाणी लागत नाहीं, हाच धडा आम्ही त्याच्या चरित्रांतून घेतों.