एत्तोरे बुगाटी

एत्तोरे बुगाटी यांचा जन्म १८८१ साली इटलीतील मिलान शहरात झाला. वडील सुंदर लाकडी सामान बनवीत. एत्तोरेंना मात्र यंत्रांची आवड होती. १९०९ साली त्यांनी मोल्सहाइम या गावी मोटारींचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर हे गाव फ्रान्समध्ये आले.

त्या काळी इंग्लंडच्या बेंटली मोटारी प्रसिद्ध होत्या. त्या मोठ्या, जड आणि दणकट असत. बुगाटींची रीत वेगळी होती. वजन कमी असावे, म्हणजे गाडी चपळ होते, असे ते मानत. १९२४ साली त्यांनी ‘टाइप ३५’ ही हलकी गाडी तयार केली. पहिल्याच मोठ्या शर्यतीत तिच्या टायरांनी दगा दिला. बुगाटी खचले नाहीत. पुढे याच गाडीने कितीतरी शर्यती जिंकल्या.

१९३० साली फ्रान्समधील पो शहरात दोन्ही मोटारी समोरासमोर आल्या. बुगाटी पहिली आली. दुप्पट जड असूनही बेंटलीने दुसरा क्रमांक मिळवला. सारे थक्क झाले.

१९३९ साली बुगाटींचा कर्तबगार मुलगा झां शर्यतीच्या गाडीची चाचणी घेताना मरण पावला. हे दुःख त्यांनी सोसले. १९४७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हलक्या, देखण्या गाड्या आजही संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत.