आधी गरज, मग कॅमेरा

स्कॉलरशिपचे पैसे हातात आले आणि डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरवलं. रूमवर रोज मेगापिक्सेलवरून वाद! तेव्हा मला आठवले दादासाहेब फाळके.

जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. फोटोग्राफी केली, छपाई केली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वेडच लागलं. दृष्टी अधू झाली, विम्याची पॉलिसी गहाण पडली, तरी १९१२ मध्ये लंडन गाठलं. जाणकारांना विचारून विल्यमसन कॅमेरा घेतला. सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही, कारण कच्ची फिल्म बिनभोकाची मिळे. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून दाखवली, भांडवल उभारलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं.

मुद्दा काय, तर काय टिपायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला? गावच्या अंधाऱ्या माजघरात बसलेली आजी. तिला फ्लॅश सोसत नाही. म्हणजे मोठा सेन्सर हवा आणि कमी एफ-नंबरची लेन्स. मेगापिक्सेल थोडे कमी चालतील. वाद मिटला. पैसे पुरतायत, आता दिवाळीच्या सुट्टीआधी कॅमेरा घ्यायचाच. आजी नव्वदीची आहे हो!